सफरचंदाला बांधलेला पार

सफरचंदाच्या झाडाला पार बांधणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत मी एकटाच असेन. ही गोष्ट मी मित्रांना विनोदी करून सांगतो आणि ते हसतातही. पण मी तिचा निम्माच भाग सांगत आलोय. उरलेला आज लिहून काढतो. बोलायला गेलो की माझी जीभ आत ओढली जाते. लिहिताना निदान समोर कुणाचा चेहरा नसतो.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही रेडमंडमध्ये घर शोधत होतो. तेव्हा इथं एकेका घरावर दहा-दहा जण तुटून पडायचे. आमची एजंट म्हणाली, घर विकणाऱ्या बाईंना एक पत्र लिहा. कुटुंबाचा फोटो जोडा, घर का आवडलं ते लिहा. कधीकधी त्यानं काम होतं. सगळेच लिहायचे तसं.

घर एकोणऐंशी वर्षांच्या एका बाईंचं होतं. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. गुडघे साथ देईनात म्हणून त्या किर्कलंडला, वयस्कर लोकांसाठीच्या अपार्टमेंटमध्ये राहायला निघाल्या होत्या. घर दाखवताना मालकानं घरात थांबायचं नसतं, पण त्या थांबल्या. किचन नाही, बाथरूम नाही, आम्हाला त्यांनी थेट मागच्या अंगणात नेलं. तिथं हे झाड. खोड एका बाजूला कललेलं, साल खवल्याखवल्यांची, फांद्या मात्र अशा नेटक्या छाटलेल्या की आतून आभाळ दिसावं. त्यांच्या सासऱ्यांचं डोंगरापलीकडे याकिमाकडे शेत होतं. तिथल्या एका झाडाची काडी आणून नवऱ्यानं हे कलम बांधलं होतं. ते शेत आता राहिलं नाही, तिथली झाडंही नाहीत. या सफरचंदाच्या जातीचं नावही कुणाला माहीत नाही.

"दरवर्षी सप्टेंबरमध्ये मला एक पिशवी आणून द्याल?" त्यांनी विचारलं. "बाकी माझं काही म्हणणं नाही."

"शुअर," मी म्हणालो. "ऑफ कोर्स."

त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं. आमच्या संस्कृतीत झाडाला देव मानतात, असं लिहिलं. माझ्या आजोबांची आमराई होती, मी तिच्या सावलीत वाढलो, तुमचं झाड आम्ही घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं सांभाळू, असंही लिहिलं. यातलं पहिलं वाक्य कॅलेंडरवर छापावं इतपत खरं होतं. दुसरं धादांत खोटं. माझे आजोबा पोस्टात होते. आमचं पुण्यातलं घर दुसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या मालकीचं एकमेव झाड म्हणजे रंगाच्या डब्यात लावलेली तुळस.

बायकोनं पत्र वाचलं. "आमराई कुठली रे?"

"अगं, असं लिहावं लागतं."

घर आम्हाला मिळालं. आमच्यापेक्षा जास्त देणारे दोघं होते, असं एजंटनं नंतर सांगितलं. पत्रानं बाजी मारली, हे मी पुढं कित्येक पार्ट्यांत सांगत फिरलो. आमराईचा भाग तर रंगवून सांगायचो.

पहिले दोन सप्टेंबर सुरळीत गेले. झाडाला भरपूर फळं आली. लहान, हिरवट, एका गालावर तांबूस पट्टे. आम्ही एक पिशवी किर्कलंडला पोचवली. घरात त्यांचं नाव 'ॲपल आजी' पडलं. बाकीची फळं गळायची आणि पहाटे हरणं येऊन खायची. मी एकदा एक चावून बघितलं आणि तिथंच थुंकलं, इतकं आंबट. बायकोनं मात्र टोपलीभर उचलली, फोडी केल्या, मोहरी फेसली आणि कैरीसारखं लोणचं घातलं. ती कैरीच्या फोडींवर वाढलेली आहे. तिला आंबट चालतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात मला पार सुचला. आमच्याकडे उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पॉटलक असायचं, प्रत्येकानं एकेक पदार्थ घेऊन यायचं जेवण. पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे, सगळे आयटीतले. प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडायच्या. मावशीच्या गावी मारुतीच्या देवळासमोर पिंपळाला बांधलेला पार मी लहानपणी पाहिला होता, तोच डोक्यात बसला. हार्डवेअरच्या दुकानातून बागेच्या भिंतीचे सिमेंटचे ब्लॉक आणले, ट्रकभर माती मागवली. दोन मित्रांना घेऊन एका वीकेंडमध्ये झाडाभोवती गोल भिंत रचली, आत माती भरली, दाबली, वर लाकडाचा भुसा पसरला. दीड फूट उंच, सगळीकडून खोडाला भिडलेली माती. फोटो टाकला. "यार, तू तर रेडमंडचा सरपंच!" असं कुणीतरी लिहिलं आणि ते नाव मला चिकटलं.

पाराच्या उद्घाटनाला, हो, आम्ही उद्घाटनच म्हणायचो त्याला, एका मित्राचे वडील आले होते. सहा महिन्यांसाठी साताऱ्याकडून आलेले. चहाचा कप हातात घेऊन सगळे पारावर ऐसपैस बसले होते. काका उभेच.

"बसा ना काका. पार आहे."

"ते दिसतंय." त्यांनी कप खाली ठेवला, वाकले, आणि खोडाजवळच्या मातीत बोट खुपसलं. "खोडाला माती चढवलीस की रे पोरा."

"पाराला माती तशीच असते ना काका."

"वडा-पिंपळाचं सोड. ते दगडातनं बी येतंय. हे तसलं झाड न्हवं. ह्याचं बूड उघडं पायजे. आता कुजंल."

"काका, इकडची माती वेगळी आहे," मी म्हणालो. "इकडं सगळं चालतं."

लोक हसले. काकाही हसले, पाहुण्यानं हसावं तसं. त्यांनी एक फोल्डिंगची खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यावर बसून चहा संपवला. पूर्ण संध्याकाळ ते पारावर टेकले नाहीत. निघताना दाराशी बूट घालता घालता मला एकट्याला म्हणाले, "थंडीचा पाऊस लागायच्या आत काढून टाक. तुला म्हणून सांगतो."

ते मी विसरलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. ब्लॉक उचलून माझी कंबर दोन आठवडे धरली होती, आणि फोटोला इतके लाइक्स आले होते. पुढच्या जूनमध्ये तर वड मिळत नाही म्हणून चार जणींनी पारावर चढून सफरचंदालाच सूत गुंडाळलं. माझी बायको बाजूला उभी राहून हसत होती. "सात जन्म सफरचंदाचे," ती म्हणाली.

चौथ्या वर्षी पानं बारकी आली. पाचव्या वर्षी ऑगस्टमध्येच पिवळी पडून गळायला लागली. फळं कशीबशी एक पिशवी भरली. सहाव्या वर्षी वरची एक मोठी फांदी फुटलीच नाही आणि सप्टेंबरमध्ये झाडावर एकही सफरचंद नव्हतं.

वसंतात ॲपल आजींचा फोन आला होता, नेहमीसारखा. "यंदा फुलं कशी होती?"

"मस्त," मी म्हणालो होतो. एवढ्याशा शब्दानं सगळं सुरू झालं. मस्त म्हटलं होतं, आता पिशवी नेणं भाग होतं.

मी सुपरमार्केटमध्ये गेलो आणि पट्टे असलेली चोवीस सफरचंदं निवडली. गाडीत येऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, प्रत्येकावर एक बारका स्टिकर आहे. पार्किंगमध्ये बसून मी चोवीस स्टिकर नखानं काढले. वरची मेणाची चकाकी टिश्यूनं पुसली. तरीही ती फार देखणी दिसत होती, म्हणून पाच-सहा दाराच्या कडेवर आपटली. डाग पडावेत म्हणून. शेजारच्या गाडीतली बाई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहून हसलो.

"केवढी मोठी झालीत!" ॲपल आजी म्हणाल्या. आठवड्यानं त्यांनी बोलावून सॉसची बरणी दिली. त्या सफरचंद शिजवून घोटून ठेवायच्या, वर्षभर पुरवायच्या. बरणीवर त्यांच्या तिरक्या अक्षरात लेबल होतं: 'जुनं झाड', आणि खाली साल. "यंदा साखर घालावीच लागली नाही," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत कधी एवढी गोड झाली नव्हती. काय करतोस तू झाडाला?"

"काही नाही. फक्त काळजी घेतो."

हे वाक्य मी बोललो. मला ते जसंच्या तसं आठवतं, आवाजातल्या विनयासकट.

त्या रात्री जेवताना बायकोनं खुर्चीवर टाकलेल्या माझ्या जाकिटाच्या कोपराला हात लावला. "हे काय चिकटलंय?" स्टिकर होता. तिनं तो काढला, वाचला, बरणीकडे पाहिलं. मला काही सांगावं लागलं नाही.

"अरे, पण ती सफरचंदं आंबट असतात," ती म्हणाली. "लोणचं घातलंय मी त्यांचं."

"पंचाऐंशीच्या घरात आहेत त्या. त्यांना काय चव कळतेय."

स्टिकर बायकोनं ताटाच्या कडेला चिकटवला आणि भात वाढून घेतला. त्यानंतर ती माझ्याबरोबर किर्कलंडला आली नाही. मी पुढची दोन वर्षं एकटाच गेलो, तशीच पिशवी घेऊन. दोन बरण्या आणखी आल्या. आम्ही त्या उघडल्या नाहीत, टाकल्याही नाहीत. लोणच्याच्या बरणीमागं त्या तिन्ही उभ्या होत्या.

तिसऱ्या खोट्या पिशवीच्या वेळी ॲपल आजी खुशीत होत्या. नवऱ्याच्या पुतण्यानं याकिमाकडे थोडी जमीन घेतली होती आणि त्याला या झाडाचं कलम हवं होतं. "त्याच्या आजोबांचं झाड त्यांच्या मुलखात परत जाईल," त्या म्हणाल्या. "मला ते जमिनीत लागलेलं बघायचंय, मग काय व्हायचं ते होवो. फेब्रुवारीत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दहा काड्या दे. मी त्याला सांगितलंय, माझ्या माणसानं झाड अगदी जपलंय."

'माझा माणूस' म्हणजे मी.

काड्या सुपरमार्केटमध्ये मिळत नाहीत. घरी येऊन मी पारावर चढलो. झाडाच्या उत्तरेकडच्या सगळ्या फांद्या वाळलेल्या. दक्षिणेकडे थोडी पानं, तीही अशक्त. खोडावर अंगठा दाबला तर साल ओल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली.

आमच्या ऑफिसच्या आवारात शोभेच्या सफरचंदांची एक रांग आहे. काडी ही काडीसारखीच दिसते. कलमाला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर ॲपल आजी असतील का, हा हिशोब मी केला. विचार मनात आला आणि मी तो झटकला, असं लिहायला बरं वाटलं असतं. मी तो शेवटपर्यंत केला. लंचमध्ये जाऊन फांद्या बघूनही आलो. त्यापुढं माझा हात गेला नाही, एवढंच. यात माझा मोठेपणा नाही. तिथं सिक्युरिटीचा माणूस उभा होता.

मग मी झाडांच्या डॉक्टरला बोलावलं. इथं झाडं तपासणारे शिकलेले लोक असतात, त्यांना आर्बरिस्ट म्हणतात. आलेली बाई माझ्याच वयाची होती, चिखलाचे बूट, कानामागं पेन्सिल. तिनं पाराभोवती एक चक्कर मारली. मग गुडघ्यावर बसली आणि हातानं खोडाजवळची माती उकरायला लागली. कोपरापर्यंत हात गेला तरी खोड सरळ खालीच चाललेलं.

"झाड जमिनीत शिरताना पायासारखं पसरतं," ती म्हणाली. "ती जागा उघडी लागते. ही पुरलीय. किती वर्षं?"

"माहीत नाही."

"कुणी केलं हे?"

मी म्हणालो, "आधीच्या मालकीणबाईंनी."

माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की मला जणू शेजारच्याचा आवाज ऐकू आला. तिनं फायलीत काहीतरी लिहिलं. मग वर बघत म्हणाली, "नवल आहे. या वरच्या छाटणीच्या जुन्या खुणा बघ. काय स्वच्छ हात आहे. ज्या घरात हे कळत होतं, त्या घरानं असं करावं?"

"उपाय काय?" मी विचारलं.

तिनं उपाय सांगितला तो साधा होता. पार काढा, मूळ पातळीपर्यंत माती काढा, कुजलेलं सगळं वाऱ्यावर वाळू द्या. मेलेल्या फांद्या कापा, पण जिवंत लाकूड एका वर्षात फारसं काढू नका. खत घालू नका. आणि थांबा. जगेल का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "दक्षिणेकडच्या सालीचा एक पट्टा जिवंत आहे. त्याच्या मनात असेल तर."

नोव्हेंबरच्या पावसात मी पार फोडला. जो बांधायला दोन दिवस आणि तीन माणसं लागली होती, तो काढायला चार शनिवार लागले. मित्रांना बोलावलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होतो? तिसऱ्या शनिवारी बायको रेनकोट घालून बाहेर आली. हातगाडी चिखलात रुतली होती. तिनं एक दांडा धरला.

"काड्या कशा देणार आहेस?" तिनं विचारलं.

"सहाएक निघतील."

"मी ते नाही विचारलं."

जानेवारीत मी किर्कलंडला गेलो. ॲपल आजींनी चहा ठेवला. मी कोट न काढताच खुर्चीवर बसलो आणि सांगायला सुरुवात केली. पार म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागलं. मी फोनवर फोटो दाखवला, तोच, सरपंचाचा. माती, खोड, कुजणं, सगळं सांगितलं. मी मातीबद्दल पुन्हा पुन्हा बोलत होतो. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मुळं झाकलीस, ती अज्ञानानं. ते समजलं मला. पण फळं लागत नव्हती म्हणतोस. मग मी काय खाल्लं?"

मी सांगितलं. स्टिकर, टिश्यू, दाराची कड. एकदा सुरुवात केल्यावर बारकावेही सांगितले, बहुतेक स्वतःला चार रट्टे बसावेत म्हणून.

त्यांनी कप बशीत ठेवला.  

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या, "मी समजत होते माझं डोकं चाललंय. मला आठवत होतं की आमची सफरचंदं आंबट असायची. तोंड वाकडं व्हायचं. नवरा हसायचा माझ्या तोंडाला. आणि तू आणलेली गोड. मला वाटलं, मलाच चुकीचं आठवतंय. मग म्हटलं, हे चुकीचं आठवत असेल तर त्याच्याबद्दलचं आणखी काय काय चुकीचं असेल? मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द पाठ म्हणायला लावले. सगळं बरोबर आलं तरी माझा विश्वास बसला नाही."

मी 'सॉरी' म्हणालो. इंग्रजीत तो शब्द दिवसातून वीसदा वापरतो आपण, लिफ्टमध्ये कुणाचा धक्का लागला तरी. तो तिथं पडला तसाच पडून राहिला.

काहीतरी आणखी द्यावं म्हणून मी म्हणालो, "पत्रातही खोटं लिहिलं होतं. माझ्या आजोबांची आमराई नव्हती."

"ते मला तेव्हाच वाटलं होतं. सगळ्यांच्याच पत्रात कुणीतरी आजोबा होते." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मी घर पत्रावर दिलं नाही. तुझ्या बायकोनं झाडाखाली पडलेलं एक फळ उचललं, ओढणीला पुसलं आणि खाल्लं. तोंड वाकडं न करता. बिया सोडून सगळं. आलेल्या लोकांत तिनं एकटीनं चव घेतली होती."

आठ वर्षं मी जे माझं कौशल्य म्हणून सांगत फिरलो होतो, ते असं होतं.

"आता जा," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीत काड्या आण. गेल्या वर्षीच्या वाढीतल्या घे, उन्हाकडच्या. ओल्या कागदात गुंडाळ, पिशवीत घाल, फ्रिजमध्ये ठेव. शेजारी फळं ठेवू नकोस, काडीचे डोळे मरतात." आणि मग, मी दाराशी पोचल्यावर, "त्या बरण्या शिल्लक असतील तर परत आण."

आधीच्या मालकीणबाईंनी केलं, हे मी झाडांच्या डॉक्टरबाईला सांगितलं होतं. ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. सगळं बोललो आणि तेवढं गिळलं.

सहा काड्या निघाल्या. फ्रिजमधली सगळी फळं बाहेर काढून त्या इडलीच्या पिठाच्या डब्याशेजारी दोन आठवडे ठेवल्या. काड्यांबरोबर बरण्याही मी नेऊन दिल्या. ॲपल आजींनी त्या सिंकमध्ये गरम पाण्यात ठेवल्या आणि माझ्यासमोर चमच्याच्या कडेनं तिन्ही लेबलं खरवडून काढली. मी मदत करू का विचारलं. नको म्हणाल्या.

पुतण्यानं एप्रिलमध्ये सहा कलमं बांधली. दोन लागली.

त्यानंतरचे दोन सप्टेंबर मी रिकाम्या हातानं गेलो. दार उघडायच्या, दहा मिनिटं बसू द्यायच्या. झाडाचं सांगायचो. दक्षिणेकडच्या सालीच्या कडा आता गुबगुबीत होऊन आतल्या जखमेवर सरकतायत, खालून दोन नवे धुमारे आलेत, त्यातला एक ठेवलाय. त्या ऐकायच्या. पुतण्या त्यांना एकदा गाडीतून याकिमाकडे घेऊन गेला आणि ती कमरेएवढी दोन रोपं त्यांनी पाहिली, हे मला त्यांनी नाही, पुतण्यानं फोनवर सांगितलं.

मधल्या हिवाळ्यात झाडांची डॉक्टर छाटणीला आली. तिच्या हातात तीच फाईल होती. बायको बाहेर फांद्या गोळा करत होती. मी म्हणालो, "एक चूक दुरुस्त करायची आहे. तो पार मी बांधला होता. आधीच्या मालकीणबाईंचा काही संबंध नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं, कानामागची पेन्सिल काढली, ती ओळ खोडली आणि वर नवीन लिहिली. मला म्हणाली, "इथं सही कर. खाडाखोड आहे म्हणून." बायकोच्या हातातल्या फांद्या तशाच राहिल्या. ही गोष्ट तिलाही माहीत नव्हती. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं सगळं बाहेर आलं."

यंदा झाडावर सात सफरचंदं धरली. लहान, हिरवट, खवडे पडलेली, दोन किडकी. बायको म्हणाली, "मी येते." पाच वर्षांनी ती किर्कलंडला आली. पर्समध्ये तिनं एक छोटी डबी घेतली होती, तिखट-मिठाची.

ॲपल आजी आता नव्वदीच्या आहेत. मी पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी एक सफरचंद नाकाजवळ नेलं आणि बराच वेळ तिथंच धरलं. फोड कापली, तोंडात टाकली. चेहरा चुरगळला, डोळे मिटले गेले. बायको हसली आणि तिनंही एक फोड घेतली, तिखट-मीठ लावून. डबी पुढं सरकवली. आजींनी बोट बुडवून चाटलं, खोकल्या, पुन्हा बुडवलं.

"किती लागली?" त्यांनी मला विचारलं.

"सात."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं मान हलवली. "सात."

मी म्हणालो, "अजून एक सांगायचं राहिलंय." आणि सांगितलं. झाडांच्या डॉक्टरला मी काय म्हणालो होतो ते, आणि ती छाटणीच्या खुणांबद्दल काय म्हणाली होती तेही.

त्या चावत होत्या. आंबट फळ चावायला वेळ लागतो.

"मग आता तिच्या कागदावर काय आहे?"

"माझं नाव. मी सही केलीय."

त्यांची नजर पुन्हा बायकोकडे गेली. बायको म्हणाली, "हो. मी होते तिथं."

ॲपल आजींनी पिशवीतून दुसरं सफरचंद काढलं. ते किडकं होतं. कीड कुठून काढायची ते बोटानं दाखवून त्यांनी चाकू माझ्यासमोरून पलीकडे, बायकोच्या हातात दिला.